स्वर्गाचा दोर

फ्लॉरेन्स, मेणबत्त्यांच्या सणाचा दुसरा दिवस
फेब्रुवारी, १४८७

लापो,

हे चौथं पत्र. आधीची तीन वाटेत हरवली असं सांगू नकोस. खेचरवाला बेत्तो म्हणाला, तिन्ही तुझ्या हातात ठेवली. तिसऱ्या वेळी तू जिन्यात उभा होतास, कोपरापर्यंत माती, आणि तू त्याला आत बोलावून वाइन पाजलीस. खेचरवाल्याला वाइन पाजायला सवड आहे. थोरल्या बहिणीला चार ओळी लिहायला नाही.

माझं अक्षर कोंबडीने उकरल्यासारखं आहे, माहीत आहे. पाद्र्यांच्या शाळेतून येऊन तू भिंतीवर कोळशाने अक्षरं काढायचास आणि मी सूप ढवळता ढवळता गिरवायची, तेवढीच माझी शाळा. कुणाकडून लिहून घेतलं असतं तर सुबक झालं असतं. पण जे लिहायचंय ते तिसऱ्याच्या कानावर घालण्यासारखं नाही. अजून तरी नाही.

आता ऐक. पाच मे. त्या दिवशी वर्ष आणि वर एक दिवस पुरा होतो. दोरवाल्यांच्या पंचांनी ज्याचा शिक्का मोडला त्याला दाद मागायला तेवढीच मुदत असते. तोवर तुझं पत्र पंचांपुढे आलं तर नेरीला शिक्का परत मिळेल. नाही आलं तर माझा नवरा मरेपर्यंत स्वतःच्या नावाने हातभर दोर वळू शकणार नाही.

पत्रात काय लिहायचं ते मी शिकवायला नको. विहिरीपाशी माझे दोन्ही हात धरून तूच म्हणालास, "ताई, सेंट मार्टिनच्या दिवसापर्यंत तोंड मिटून बस. मिलानच्या ड्यूकची नेमणूक एकदा हातात पडू दे. मग खरं काय घडलं ते मी स्वतः लिहून पाठवतो. तेव्हा माझं कोण काय वाकडं करणार?" मी तोंड मिटलं. नोव्हेंबरात सेंट मार्टिनचा दिवस गेला, नाताळ गेला, नेमणूक मिळाल्याची दवंडी तर तू अख्ख्या गल्लीला पोचवलीस. पत्र कुठे आहे?

नेरी सध्या बार्दुच्चो दोरवाल्याच्या आवारात मजुरी करतो. वीस वर्षं ज्याला लोक उस्ताद म्हणत होते त्याला बार्दुच्चोचा जावई म्हणतो, "ए म्हाताऱ्या, सरळ चाल." आपला धंदा उलटं चालण्याचा. ताग कमरेला गुंडाळायचा, रहाट समोर ठेवायचा आणि मागे मागे जात पीळ सोडायचा. बाबा म्हणायचे, दोरवाल्याला आपण कुठून निघालो ते कायम दिसतं, कुठे चाललो ते कधीच दिसत नाही. नेरीला रोज संध्याकाळपर्यंत काय दिसत असेल, विचार कर.

पंचांनी शिक्का मोडला तेव्हा तू तिथे नव्हतास. साक्ष देऊन लगेच निघालास. लोखंड चांगलं होतं म्हणून तीन घाव लागले.

मी वाट बघतेय. सवड कर.

नेंचा

*

११ मार्च, उपवासाचे दिवस

लापो,

बेत्तो काल आला. पुडकं मिळालं.

मी त्याच्या समोरच फोडलं. वाटलं, पंचांच्या नावाचं पत्र असेल. आत तीन ओळींची चिठ्ठी. थंडी फार आहे, तुझी तब्येत बरी आहे, ड्यूकच्या घरच्या लग्नासाठी तू एक आकाश बनवतोयस, त्यात ग्रह आपोआप फिरणार आहेत. आणि चिठ्ठीखाली घडी घातलेलं चित्र. आईचे हात, तागाच्या पेळूवर टेकलेले. अंगठ्याजवळचा तो जुना व्रणसुद्धा.

चित्र बघून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, लपवत नाही. मग असा संताप आला की ते मी चुलीपर्यंत नेलं. तू मला ओळखतोस. तुला माहीत होतं की हे बघून ही रडेल आणि रडली की गप्प बसेल. आईला मरून तीस वर्षं झाली. तिच्या मेलेल्या हातांनी माझं तोंड दाबतोस?

जाळलं नाही. पिठाच्या पेटीत ठेवलंय. ठेवलंय म्हणून खूश होऊ नकोस.

तू मोठा माणूस आहेस हे मला कुणी सांगायला नको. तुला मीच वाढवला. बाबा तुला रहाटावर बसवायला बघत होते, मी भांडून तुला चितारी उस्तादाकडे पाठवला. तीन वर्षं रंग कुटलेस, मग त्याने तुला ख्रिस्तजन्माच्या चित्रातलं गाढव रंगवायला दिलं. तू आपल्या गाढवाचा फाटका कान तिथे काढलास आणि लोक बाळ येशू सोडून कान बघायला येऊ लागले. उस्तादाने तुला हाकलला आणि तू जिंकल्यासारखा घरी आलास. पुढे जोगिणींच्या मठाने संत लूसीचं चित्र सांगितलं. त्या बिचारीला तू चेहरा दिलास, झगा दिलास, हात दिलेच नाहीस. बारा वर्षं झाली, ती तशीच थोटी उभी आहे. मधेच तुला पंख सुचले होते. वेताचे, वर रेशीम ताणलेलं. धान्याच्या माळ्यावरून उडवायचे होते, पण तुला शिडीची भीती, म्हणून पंख लावून दगडांचं पोतं ढकललंस. शेजारणीचं डुक्कर मेलं. तिची समजूत कुणी काढली? मी. पाळणा आपोआप हलावा म्हणून तू त्याला पाण्याचं चाक लावलंस तेव्हा ओलं बाळ कुणी पुसलं? मी.

सगळी माणसं म्हणायची, लापो अर्धवट सोडतो. मी म्हणायची, त्याचं डोकं पुढे पळतं, हात मागे राहतात. लोकांशी भांडायची मी तुझ्यासाठी.

म्हणून स्वर्गारोहण मंडळीने जेव्हा सणाच्या नाटकात येशूला चर्चमध्ये खरोखर वर चढवायचं यंत्र तुला सांगितलं तेव्हा मीच नेरीच्या मागे लागले. म्हटलं, हे तरी तो पुरं करेल, दोर तू दे. नेरीने बोलोन्याचा ताग आणून जीव ओतून दोर वळला. आणि तू काय केलंस? लोकांना दोर दिसला तर चमत्कार कसला, म्हणालास. काळ्या छतापुढे काळा दोर दिसणार नाही. आधी काजळी आणि सरस लावलास. तालमीत सांती बेकरीवाल्याच्या, म्हणजे येशूच्याच, पांढऱ्या झग्यावर डाग पडले. मंडळी ओरडली. मग तू मंडळीला, नेरीला न सांगता मायफळ आणि हिराकस घालून दोर उकळलास. कापड काळं रंगवतात तसा.

लापो, आपल्या गल्लीतली शेंबडी पोरगीसुद्धा सांगेल की दोर रंगवत नाहीत. माझ्या सासूने विधवा झाल्यावर तीन काळे रुमाल वापरले आणि तिन्ही इतर कपड्यांच्या आधी विरले. हिराकस धागा खातो. मी तुला तेव्हाच म्हटलं. तू म्हणालास, "ती लोकर, ताई. हा ताग. उस्ताद मी आहे की तू?"

उस्ताद तू. सांती बारा हात वर गेला, हात पसरून, चेहऱ्यावर असा प्रकाश की बायका हुंदके देत होत्या. मग कप्पीजवळ फट्ट असा आवाज आला. येशू पडला तो मेणबत्त्यांच्या ओट्यावर, आणि पडता पडता त्याने जी शिवी दिली ती पहिल्या चार रांगांनी ऐकली. खुबा मोडला. अजून कुबडी आहे.

पंचांनी विचारलं तेव्हा तू शपथेवर सांगितलंस की दोराला नुसती काजळी होती, आणि ताग जुना होता.

तुटलेली टोकं अभ्यासाला म्हणून तूच मिलानला घेऊन गेलास. आता पुरावा म्हणजे तुझा शब्द. तो पाठव.

नेंचा

*

१७ एप्रिल, ईस्टरनंतरचा मंगळवार

लापो,

सण झाला. कोकरू नव्हतं, वालाच्या शेंगा होत्या.

तुला एक दृश्य सांगते, तू चितारी आहेस, डोळ्यांपुढे आण. त्या दोराचा जुळा भाऊ आमच्याकडे उरलाय. एकाच तागाचा, एकाच दिवशी वळलेला, तू न रंगवलेला. दर रविवारी प्रार्थनेहून आलं की नेरी तो घेऊन अंगणात बसतो आणि पीळ सोडतो. एकेक पेड वेगळा करतो, एकेक धागा जिभेवर ओला करून बोटांवर ओढून बघतो. आपली चूक शोधतोय. वर्ष होत आलं, सापडत नाही. परवा मला म्हणाला, "नेंचा, ताग निवडताना माझी नजर गेली होती बहुतेक. वय झालं. हे बघ, हा धागा तुला बरा वाटतो का गं?"

मी म्हटलं, "बरा आहे."

"मग माझी बोटंच चुकली असतील. एक माणूस मेला असता बाई माझ्या हातून."

मी शेंगा सोलत होते. सोलत राहिले.

तू म्हणशील, मग तूच का नाही सांगत त्याला? म्हण. मी आत्तापर्यंतच्या पत्रांत ते चलाखीने टाळलं. लिहिलं, तू दोर नेलास, तू उकळलास. कुठे उकळलास ते लिहिलं नाही. आमच्याच अंगणात, माझ्याच हंड्यात. नेरी पुढचा ताग आणायला बोलोन्याला गेला होता. तालमीनंतर दोर त्याने कुलपात ठेवला होता, वर सांगून गेला होता, मी येईपर्यंत कुणाला हात लावू देऊ नकोस, लापोलासुद्धा नाही. किल्ली माझ्या कमरेला होती. मी काढून दिली. विरुद्ध बोलले, पण दिली. पळी घेऊन ढवळायला मीच बसले, कारण तुला वाफेने खोकला येतो.

मी रंगाला नको म्हटलं होतं यावर वर्षभर स्वतःला समजावतेय. नको म्हटलं आणि ढवळलं. तू म्हणायचास ना, ताई तुझ्याइतका विश्वास माझ्यावर कुणाचा नाही. खरं होतं. नवऱ्यापेक्षा जास्त तुझ्यावर ठेवला. त्याचीच किंमत हा माणूस धाग्याधाग्याने मोजतोय.

मी बोलले असते. पण तुझं पत्र येणार होतं. तुझ्या पत्रात माझ्या किल्लीचा विषय आला नसता. तू लिहिलं असतंस, मी रंगवला, चूक माझी, आणि नेरीला कधी कळलं नसतं की कुलूप कुणी उघडलं. हे माझं लबाडपण. तेवढ्यासाठी मी सेंट मार्टिनची वाट बघितली, नाताळची, उपवासांची. अजून अठरा दिवस आहेत. बेत्तो गुरुवारी निघतो. मिलानला जाऊन परत यायला त्याला दहा दिवस लागतात. बसतं गणित.

लापो, पाया पडायला लावू नकोस. लागलं तर तेही लिहिते. पाया पडते.

नेंचा

*

२९ एप्रिल, रविवार

लापो,

तुझं पत्र आलं. या वेळी लांबलचक. दोन्ही बाजूंनी लिहिलेलं.

मी ते नेरीला वाचून दाखवलं. त्याला अक्षर येत नाही, तू हेच धरून चालला असशील. बेत्तोने दारातूनच ओरडून सांगितलं की मिलानहून मेव्हण्याचं पत्र आहे, मग लपवता आलं नाही. नेरी हात धुऊन बाकावर बसला. मी वाचू लागले.

पहिलं पान तू माझ्यासाठी लिहिलंस. ते मी मनात वाचलं आणि नेरीला म्हटलं, "घरगुती चौकशी आहे." तुझेच शब्द तुला परत लिहून पाठवते, म्हणजे विसरायला नको: "ताई, विचार कर. ज्याचा येशू स्वतःच्या चुकीने पडला त्याच्या आकाशाखाली कोणता ड्यूक आपल्या सुनेला बसवेल? लग्न नोव्हेंबरात आहे. नंतर मी लिहितोच. एका दोरवाल्याचा शिक्का आणि माझं सगळ्या आयुष्याचं काम, तूच तराजूत घालून बघ."

एका दोरवाल्याचा.

दुसरं पान नेरीसाठी होतं. ते मोठ्याने वाचलं. तू त्याला मिलानला बोलावतोयस. ड्यूकच्या किल्ल्यामागे जागा बघितलीस, यंत्रांसाठी दोर लागतील, तुझ्या हाताखाली काम मिळेल, झालं गेलं तू मनात ठेवलेलं नाहीस. असंच लिहिलंस. "जे झालं ते मी मनात ठेवलेलं नाही."

वाचून संपलं. नेरीने गुडघे चोळले. म्हणाला, "बघितलंस? तुला वाटायचं तो विसरला आपल्याला. मी त्याचा येशू पाडला, भर चर्चमध्ये त्याचं नाव घालवलं, तरी तो मला कामाला बोलावतोय. मन मोठं आहे गं तुझ्या भावाचं."

मी म्हटलं, "नेरी..."

"नाही, ऐक. मी पंचांकडे जाणार नाही आता. कशाला जायचं? दोर माझाच होता. शिक्का गेला तो गेला. मिलानला जाऊ. त्याचे पाय धरीन एकदा, म्हणजे झोप लागेल मला."

लापो, तू त्याचा शिक्का घालवलास ते मी सोसलं. तुझ्या नावासाठी खोटं बोललास तेही सोसलं, माझीही किल्ली त्यात होती. पण ज्याचा तू गळा कापलास त्याच्याकडून तुला पाया पडून घ्यायचेत? आणि ते आमंत्रण माझ्याच तोंडून वाचून घेतलंस?

आत्ता तो खाली आहे. शेजाऱ्यांना सांगतोय. त्याच्या हसण्याचा आवाज येतोय, वर्षभरात ऐकला नव्हता. मी हे पान संपवते आणि खाली जाते. शेजारी गेले की बोलणार आहे. किल्लीपासून सुरुवात करणार.

हे पत्र बेत्तोकडे देणार नाही, सगळं झालं की पुढचं त्याला जोडून पाठवीन. तुला सावध करायची माझी इच्छा नाही.

*

२५ मे, स्वर्गारोहणाचा दुसरा दिवस

लापो,

काल या वर्षीचा येशू शिडीने वर गेला. मंडळीने यंत्र नकोच म्हटलं. नवा येशू चांभार आहे, किडकिडीत, आणि मधल्या पायरीवर त्याचा झगा अडकला. लोक हसले. पण पोचला.

क्रमाने सांगते.

त्या रविवारी मी नेरीला सगळं सांगितलं. उभ्यानेच. त्याने मारलं नाही, ओरडला नाही. मधे एकदाच विचारलं, "हिराकस किती?" मी सांगितलं. त्याने मनात हिशेब केला, उस्तादाने करावा तसा, आणि मान हलवली. मग म्हणाला, "मी दर रविवारी दोर उकलत होतो, तेव्हा तू शेजारी बसून शेंगा सोलत होतीस."

मी म्हटलं, "हो."

"मी तुला धागा दाखवला. बरा आहे म्हणालीस."

"बराच होता, नेरी."

तो उठून आमच्या दोर वळायच्या आवारात गेला. तेव्हापासून तिकडेच झोपतो, तागाच्या ढिगावर.

पंचांकडे जायला तो तयार नव्हता. म्हणाला, बायकोला चावडीवर उभी करून शिक्का मिळवू का? मी म्हटलं, तू नको करू, मी आपली आपण उभी राहते. पण बाईचा शब्द पुरुष शेजारी असल्याशिवाय कागदावर चढत नाही. नवरा त्याच्याच खटल्यात माझा पालक होऊ शकत नाही. बाप मेला. भाऊ मिलानला आकाश फिरवतोय. दोन दिवस दारोदार फिरले. बार्दुच्चोने दार लावलं. चुलतभाऊ म्हणाला, लापो मोठा झालाय, त्याच्याशी वाकडं कशाला.

शेवटी सांतीच्या बेकरीत गेले. वर्षभर त्याने आम्हाला पाव विकला नव्हता, त्याच्यापुढे उभं राहायची माझी छाती नव्हती. त्यालाही किल्लीपासून सांगितलं. त्याने कुबडी उचलली, मला वाटलं आता घालतो. पण ती भिंतीवर आपटली. "म्हणजे एक वर्ष मी चुकीच्या माणसाला शिव्या दिल्या? रोज? पाव भाजताना?"

"हो."

"आणि तुझ्या भावाने मला निरोप पाठवला होता, तुझं वजन जरा जास्त होतं म्हणून! मी वाटाणे खाऊन उपवास केले त्यानंतर!" मग कुबडी उचलून पीठ झटकलं. "किती वाजता बसतात गं हे पंच?"

पाच मेला सगळी दोरवाल्यांची जात जमली होती. कारकुनाने विचारलं, "या बाईचा पुरुष कोण?" सांती लंगडत पुढे आला आणि म्हणाला, "मी हिचा पुरुष." दारातून त्याची बायको ओरडली, "कधीपासून रे?" पंचसुद्धा हसले. हसणं संपेपर्यंत मी थांबले नाही, बोलायला लागले. तुझं सगळं सांगितलं आणि माझं त्याच्या आधी.

मुख्य पंच जाड्या आहे, तूच त्याचं डुकरासारखं चित्र काढायचास. तो म्हणाला, "बहिणीने भावावर कुभांड रचलं नाही कशावरून? टोकं कुठे आहेत?"

आता तुला एक गोष्ट सांगते जी मी कुणालाच सांगितली नव्हती. मार्चमध्ये तुझं ते आईच्या हातांचं चित्र आलं ना, त्याच संध्याकाळी मी नेरीच्या उरलेल्या दोरातून चार हात कापून घेतले. दोन हात मायफळ आणि हिराकसात उकळले, तुझ्याच मापाने. दोन हात तसेच ठेवले. दोन्ही तळघरात टांगले, तुझा दोर रंगवल्यापासून तुटेपर्यंत गेले तेवढेच आठवडे. का केलं, तेव्हा नीट माहीत नव्हतं. कदाचित तू खरा निघावास म्हणून. ताग वेगळा, लोकर वेगळी.

पिशवीतून दोन्ही काढून पंचांच्या मेजावर ठेवले. म्हटलं, "ओढा." जाड्याने पांढरा आधी ओढला. मग दुसऱ्या पंचाला टोक देऊन दोघांनी ओढला, तिसरा मधे लटकला. काही नाही. मग काळा घेतला. जाड्याने एकट्यानेच झटका दिला आणि शिजलेल्या कांद्याच्या पातीसारखा त्याच्या हातात दोन झाला. तो मागच्या मागे बाकावर बसला. कुणी हसलं नाही.

नेरी मागे भिंतीपाशी उभा होता. त्याने पुढे येऊन दोन्ही टोकं उचलली, हुंगली आणि परत ठेवली. माझ्याकडे बघितलं नाही.

निकाल तुलाही कळवतील, तरी सांगते. शिक्का परत. तुझं नाव खोटा साक्षीदार म्हणून त्यांच्या भिंतीवर लागलं, आणि त्याची नक्कल मिलानच्या ड्यूकच्या इथल्या वकिलाला गेली. ती मी मागितली नव्हती, पण अडवलीही नाही. मला वर्षभर दोराच्या आवारात पाऊल टाकायला बंदी. म्हणजे नवरा जिथे झोपतो तिथे मला जाता येत नाही. जेवण उंबऱ्यावर ठेवते. ताट रिकामं येतं, धुतलेलं येतं. तेवढंच बोलणं.

सांती रोज गरम पाव पाठवतो. फुकट नको म्हटलं तर म्हणतो, येशूला नाही म्हणू नये.

नवा शिक्का परवा घडवून आला. नेरीने पहिला दोर विहिरीसाठी वळला, आणि शिक्का मारताना मी उंबऱ्याच्या अलीकडे उभी होते. मारून झाल्यावर तो दोराचं टोक घेऊन माझ्याकडे आला. निकालापासून वीस दिवसांत पहिल्यांदा तोंड उघडलं.

म्हणाला, "भावाला लिहिणार आहेस ना?"

म्हटलं, "लिहिणार आहे. तुझ्याकडून काही?"

वाटलं शिवी देईल. मीच दोन-चार मनात तयार ठेवल्या होत्या, त्याला सुचल्या नाहीत तर.

त्याने अंगठ्याने शिक्क्याची खूण चाचपली.

"लिही, दोर चांगला होता."

"एवढंच?"

"एवढंच."

लिहिलं.

नेंचा